मैल एकशे एकाहत्तर

वारा पश्चिमेकडून येतो, नदी पूर्वेकडून.
दोघं एकमेकांना रेटत असतात तोवर
शीड मोडलेला माणूस जिथल्या तिथे राहतो,
कोलंबियाच्या मधोमध,
अर्धा ओरेगनात, अर्धा वॉशिंग्टनात.
मग वारा पडतो.
नदी तेवढी उरते, आणि ती कुणाला विचारत नाही.

खांदा निखळल्यापासून मी पाण्यात उतरत नाही.
कॉटनवुडखाली बर्फाच्या पेटीवर बसते,
मांडीवर दुर्बीण, कानाशी वायरलेस,
वहीत शिडांचे रंग:
दोन जांभळी, एक ठिगळाचं, एक लिंबाच्या सालीसारखं.
गेले किती, आले किती.
संध्याकाळी दुकानदार गल्ला मोजतो
तशी दोनदा मोजते.

आमची नावं कुठल्याच नकाशावर नव्हती.
"वॉशिंग मशीनपाशी माणूस गेलाय!"
पोरं फोनवर ओरडायची,
आणि पलीकडची बाई विचारायची,
घरात पाणी शिरलंय का?
दक्षिण काठावरून लावलेला फोन
कधी उत्तरेच्या राज्यात वाजायचा.
दोन शेरीफ, दोन बोटी.
दोन्ही सुटायच्या, नाहीतर एकही नाही,
तिकडून निघाली असेल, या भरवशावर.

एका फेब्रुवारीत लायब्ररीच्या तळघरात बसलो.
डेप्युटी रोवेना क्विग, ओला कोट खुर्चीला टांगून;
दक्षिणेकडचे बंबवाले;
आणि शेवटच्या रांगेत डेल्बर्ट, याकामा, सामनचा कोळी,
ज्याची जाळी आम्ही वर्षानुवर्षं फाडत आलो.
खडूने नदी काढली.
दंतवैद्याची खुर्ची: मैल एकशे अडुसष्ट.
काकूचं अंगण: एकशे सत्तर, उत्तर तीर.
वॉशिंग मशीन: एकशे एकाहत्तर.
डेल्बर्ट म्हणाला, त्या जागेला नाव होतं.
धरण झालं, पाणी नावाच्या वर चढलं.
त्याने ते उच्चारलं.
रोवेनाने स्पेलिंग विचारलं.
"स्पेलिंग राहू दे. माझ्या बोटीचा चॅनेल घ्या.
तिथे नेहमी मीच जवळ असतो."

ऑगस्ट. पावणेसहा. वारा दिवा मालवावा तसा गेला.
एका पोराने रिकामी फळी ओढत आणली.
फळीवर मार्करने नाव, ओडा,
खाली फोन नंबर,
शेवटचा आकडा पुसलेला.

दहा शक्यता. रोवेनाने शून्य ते चार घेतले, मी उरलेले.
पाचवर एक बेकरी.
सहा बंद.
सातवर एक म्हातारा,
चुकीचा नंबर म्हटल्यावरही फोन सोडेना.
आठवर लहान मुलाचा आवाज:
आई पाण्यावर आहे.

अशा वेळी काय बोलायचं
हे तळघरात ठरवलं नव्हतं.
मी विचारलं, आईचं हेल्मेट कुठल्या रंगाचं?
"पिवळं. मागे मी बेडूक चिकटवलाय."

पिवळं हेल्मेट, बेडूक.
दोन्ही काठांवरून, प्रत्येक चॅनेलवर, मोठी माणसं
गंभीरपणे बेडूक म्हणत होती.
गव्हाचा तराफा ओढणारा कप्तान म्हणाला,
थांबायला मैल लागतो,
अर्धा मी आधीच खाल्लाय, लवकर करा.

मी दुर्बीण खाली ठेवली. हात स्थिर नव्हता.

मग इंजिनची घरघर, आणि डेल्बर्ट:
"बेडूक दिसला. जाळ्यात पाय आहे. कापतोय."
कुणाचं जाळं, ते बोलला नाही.
दिवसभराचा मासा त्यातून निघून गेला असणार.

"श्वास आहे. शिव्या देतेय."

नियंत्रण कक्षातल्या पोरीने विचारलं, ठिकाण?
नियम आहे, ऐकलेलं शब्दन् शब्द परत म्हणायचं.
तो म्हणाला, एकशे एकाहत्तर,
आणि त्यापुढे ते नाव.
तिने परत म्हटलं, चुकीचं.
त्याने सावकाश दुरुस्त केलं.
तिने पुन्हा म्हटलं.
अजून एकदा.

माझ्या मांडीवर फोन चालूच होता.
तिकडून ते पोरही
हळू आवाजात म्हणून पाहत होतं.